बेगमेचं चुकलेलं नाव

भोपाळ म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. इतिहासाची आवड असेल तर डिसेंबर १७३७ ची लढाई, जिच्यात बाजीरावाने निजामाला भोपाळात कोंडलं आणि पुढच्याच महिन्यात दुराह्याच्या तहावर सही करायला लावली. ती आवड नसेल तर डिसेंबर १९८४ ची ती विषारी रात्र. या दोन डिसेंबरांच्या मधल्या भोपाळात शंभराहून जास्त वर्षं बायकांनी राज्य केलं, हे मलाही फार उशिरा कळलं. आणि कळलं ते एका पोस्टाच्या तिकिटामुळे, म्हणून हा लेख.

माझी मावसबहीण लग्न होऊन भोपाळला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचे यजमान 'भेल'मध्ये. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे आठवडाभर राहिलो. भाचा बारा वर्षांचा. पहिल्याच संध्याकाळी त्याने एक जाडजूड फाइल माझ्या मांडीवर आणून ठेवली. आत प्लास्टिकच्या कप्प्यांत पत्त्यांसारखी कार्डं. पोकेमॉनची. "मामा, हे होलो आहे, असं तिरकं धर," म्हणाला. तिरकं धरलं, तर चित्रामागची पार्श्वभूमी इंद्रधनुष्यासारखी चमकून गेली.

ही कार्डं जपानात १९९६ साली निघाली आणि इंग्रजीत १९९९ साली आली. त्या पहिल्या वर्षांतल्या चमकत्या कार्डांना आता 'व्हिंटेज' म्हणतात. मला हसू आलं. १९९९ साल आपल्याला काल-परवाचं वाटतं! पण २०२२ साली यातल्याच एका दुर्मिळ कार्डाची किंमत ५२ लाख ७५ हजार डॉलर नोंदवली गेली, हे भाच्याने सांगितलं तेव्हा हसू थांबलं.

मग त्याने एक कार्ड बाजूला काढलं. साठवलेल्या पैशांतून त्याने ते कोणा विक्रेत्याकडून 'जुनं' म्हणून मागवलेलं. ते खोटं निघालं. "खऱ्या जुन्या कार्डात फक्त चित्राची चौकट चमकते. याचं सगळंच चमकतं," तो खालच्या आवाजात म्हणाला. बिचाऱ्याला पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण आपल्याला ओळखता आलं नाही याचं जास्त होतं. त्याची समजूत घालायला मी म्हटलं, "उद्या जुन्या बाजारात जाऊ. तुझ्या होलोपेक्षा जुनं काहीतरी शोधू."

जुन्या भोपाळचा चौक म्हणजे जामा मशिदीभोवतीचा बाजार. ही मशीद कुदसिया बेगमेने बांधलेली. सोनार, बटवे विकणारे, जरीकाम, अत्तर, गर्दी. तिथल्या एका गल्लीत जुनी नाणी नि चांदीच्या वस्तू विकणारं एक छोटंसं दुकान. म्हातारे दुकानदार बसल्या जागेवरूनच म्हणाले, "को खाँ, क्या देखना है?" हा 'को खाँ' म्हणजे अस्सल भोपाळी. आपल्याकडे 'कितें रे' म्हणतात, तसाच काहीसा. भाच्याने सरळ विचारलं, "चाचा, कोई पुरानी चीज़, जो तिरछा करने से दिखे?"

चाचा क्षणभर थांबले. मग त्यांनी एक वही काढली आणि चिमट्याने एक चौकोनी कागद भाच्याच्या तळहातावर ठेवला. काळ्या शाईचं, दात नसलेलं, ओबडधोबड तिकीट. कडेने चौकटीत इंग्रजी अक्षरं, मधोमध जागा कोरीच. भाच्याचा चेहरा पडला. चाचांनी दिव्याकडे बोट केलं, "तिरछा करो मियाँ." त्याने तिकीट तिरकं धरलं, आणि त्या कोऱ्या जागेत शाईशिवाय अक्षरं उभी राहिली. वळणदार, उर्दू लिपीतली, कागदातूनच फुगून वर आलेली. "नवाब शाहजहाँ बेगम," चाचांनी वाचून दाखवलं.

घरी आल्यावर भाच्याने होलो कार्ड आणि तिकीट शेजारी शेजारी ठेवलं. खरं तर दोन्हींची जात एकच. होलोच्या चकचकीत पापुद्र्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा दाबून उठवलेल्या असतात, त्यांच्यावरून प्रकाश फुटून रंग दिसतात. भोपाळच्या तिकिटावर ठशाने दाबून अक्षरं उठवलेली, त्यांची सावली पडते म्हणून ती दिसतात. हिंदुस्थानात ही कल्पना त्याआधीचीच. १८५२ साली सिंध प्रांतात बार्टल फ्रिअरने काढलेलं 'सिंध डाक'चं अर्ध्या आण्याचं तिकीट, आशिया खंडातलं पहिलं, तेही असंच उठावाचं होतं.

आता त्या नावाकडे येऊ. १८१९ साली भोपाळचा तरुण नवाब पिस्तुलाची गोळी चुकून लागून गेला. त्याच्या विधवेने, कुदसिया बेगमेने, कारभार हातात घेतला. मधली काही वर्षं सोडली तर तिथून १९२६ पर्यंत भोपाळच्या गादीवर बायकाच होत्या. कुदसिया, तिची मुलगी सिकंदर, सिकंदरची मुलगी शाहजहाँ आणि शाहजहाँची मुलगी सुलतान जहाँ. आईकडून लेकीकडे चालत आलेलं राज्य! शाहजहाँ बेगमेची मोठी कारकीर्द १८६८ ते १९०१. ही बाई 'शीरीं' आणि 'ताजवर' या नावांनी कविता करायची. तिने भोपाळचा इतिहास लिहिला, बायकांसाठी संसाराचं पुस्तक लिहिलं, ताज-उल-मसाजिद या प्रचंड मशिदीचं काम काढलं (ते पुरं झालं १९८५ साली!) आणि नावाला साजेसा 'ताजमहाल' नावाचा स्वतःचा राजवाडाही बांधला.

तिच्याच काळात, १८७२ साली, भोपाळ संस्थानाची पहिली तिकिटं निघाली. पाव आणा काळं, अर्धा आणा लाल. ती चालायची फक्त संस्थानाच्या हद्दीत. पत्र बाहेर जायचं तर ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लागायचं. ब्रिटिश तिकिटावर व्हिक्टोरिया राणीचा चेहरा. भोपाळच्या तिकिटावर चेहरा नाही, फक्त नाव. बेगम १८७१ च्या पुनर्विवाहानंतर पडद्यात गेली होती. पण चेहरा नसण्याचं कारण तेवढंच असेल असं मला वाटत नाही. मुसलमानी राजवटींत नाण्यावर चित्र नसे, नाव असे, आणि फर्मानावर मोहर असे. मधोमध उठवलेलं ते नाव म्हणजे बेगमेची मोहरच. भोवतालची इंग्रजी अक्षरं ही केवळ वेलबुट्टी.

आणि गंमत त्या वेलबुट्टीतच आहे. इंग्रजीत लिहायचं होतं 'एच. एच. नवाब शाहजहान बेगम'. ही तिकिटं स्थानिक पातळीवर शिळाप्रेसवर छापली जात. पहिल्या तिकिटांच्या एका तावात वीस तिकिटं, आणि ती एकाच ठशाची नक्कल नव्हेत. प्रत्येक तिकीट वेगळं हाताने लिहिलेलं. म्हणजे बेगमेचं नाव इंग्रजीत वीस वेळा लिहायचं. आपल्याकडे शिळाप्रेसचं काम करायचा तो कातिब, सुंदर अक्षराचा लेखक. त्याची बोटं उजवीकडून डावीकडे नस्तालिक लिहिण्यात मुरलेली. इंग्रजी त्याला वाचता येत नसावं. समोर नमुना ठेवलेला, तो बघून त्याने अक्षरांची चित्रं काढली.

वीसदा चित्र काढताना हात चुकणारच. एका तिकिटावर 'बेगम'मधल्या 'ई'ची खालची आडवी रेघ राहिली आणि त्याचा 'एफ' झाला. दुसऱ्यावर शेवटच्या 'एम'चा एक पाय कमी पडला आणि बेगमेची 'बेगन' झाली. (भाच्याने लगेच "बैंगन!" म्हणून घेतलं.) तिसऱ्यावर पहिलं 'बी'च गळालं, उरलं 'एगम'. पुढच्या वर्षांच्या तिकिटांत 'नवाब'चं 'न्वाब' झालं, 'शाह'चं 'साह' झालं, 'जहान'मधला एक 'ए' नाहीसा झाला. तीसेक वर्षं हे चालू होतं. जवळच्या इंदूरला होळकरांची तिकिटं १८८६ साली लंडनच्या वॉटरलो कंपनीकडून सुबक छापून आली, तरी भोपाळचे कातिब आपल्या दगडावर लिहीतच राहिले.

परदेशी संग्राहकांनी या चुकांची सूची केली. कुठल्या तिकिटात कुठलं अक्षर चुकलंय ते कॅटलॉगात क, ख, ग लावून छापलं. चुकीचं तिकीट बरोबर तिकिटापेक्षा सहसा महाग. मला आधी याचा थोडा राग आला. वाटलं, आपल्या माणसाच्या अडाणीपणाची ही चेष्टाच झाली. पण रात्री भिंग घेऊन त्या तिकिटाकडे बघत बसलो तेव्हा मत बदललं. त्या कातिबाचं नाव मला कुठे सापडलं नाही. त्याचं घर, गल्ली, पगार, काही नाही. तो खरंच होता याचा एवढाच पुरावा, की 'एम'चा पाय काढताना त्याचा हात थकला होता. त्याने सगळी वीस नावं अचूक लिहिली असती तर तो आपल्याला दिसलाच नसता. आणि दरबारात या चुका कुणाला का खटकल्या नाहीत? मला वाटतं, तिथे तिकीट वाचलं जायचं ते मधल्या मोहरेत. ती अचूक होती. इंग्रजी वाचणारा तिथे परका होता.

इथे मला आपला गोवा आठवला. पोर्तुगीज हिंदुस्थानची पहिली तिकिटं निघाली १ ऑक्टोबर १८७१ रोजी, भोपाळच्या जेमतेम आधी. तीही गोव्यातच बनवलेली, ओबडधोबड. संग्राहक त्यांना आजही 'नातिव्ह' म्हणजे 'देशी' म्हणतात. त्यांच्यावरही राजाचा चेहरा नाही, मध्ये रेइसमधली किंमत आणि भोवती पोस्टाचं नाव. गोव्याहून ब्रिटिश हद्दीत जाणाऱ्या त्या काळातल्या काही पत्रांवर दोन्ही सरकारांची तिकिटं शेजारी शेजारी लावलेली आढळतात. मग १८७७ साली लिस्बनला छापलेली, मुकुटाचं चित्र असलेली नीटस तिकिटं आली. भोपाळात तीच गोष्ट १९०८ साली झाली. ज्या कंपनीने १८४० साली जगातलं पहिलं तिकीट, 'पेनी ब्लॅक', छापलं, त्याच लंडनच्या पर्किन्स बेकनकडे भोपाळचं तिकीट गेलं. त्याच वर्षी संस्थानाची टपालव्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थानच्या खात्यात विलीन झाली. सरकारी पत्रांवरची तिकिटं तेवढी पुढे चालू राहिली, १९४९ साली भोपाळ भारत सरकारकडे येईपर्यंत. त्यांवर मोती महाल, मोती मशीद अशी रेखीव चित्रं आहेत. देखणी आहेत, पण त्यांत कुणाचा हात दिसत नाही.

पण गोव्याची खरी तुलना तिकिटांशी नाही, नावांशी आहे. भोपाळच्या कातिबाने परकी लिपी डोळ्यांनी लिहिली. आपल्याकडच्या पोर्तुगीज कारकुनाने परकी भाषा कानांनी लिहिली. त्याला जे ऐकू आलं ते त्याने आपल्या अक्षरांत उतरवलं. डिचोलीचं 'बिचोली' झालं, पेडण्याचं 'पेर्नें', शेणवींचं 'सिनाय'. 'श' लिहायला त्याने 'एक्स' वापरला, म्हणून कितीतरी शिरोडकर आणि शेट्ये दप्तरात 'एक्स'ने सुरू होऊ लागले. आपण त्या स्पेलिंगांना हसतो, चिडतो, कोर्टात जाऊन बदलूनही घेतो. ते करावंच, आपलं नाव आपल्या उच्चारात लिहिलं जावं हा आपला हक्क आहे. पण ती चुकलेली नावं पुसून टाकू नयेत. कुणी कुणाचं नाव कसं ऐकलं, याची ती एकमेव नोंद आहे.

आता विकत घेण्याविषयी थोडं, कारण भाच्याने तेच विचारलं. "मामा, हे खोटं असलं तर?" चाचांनी त्याला दुसऱ्या दिवशी नीट शिकवलं. मोहर उठावाची असेल तर ती मागच्या बाजूला खोलगट लागली पाहिजे, बोट फिरवून बघावं. खोटं करणारा चूक नक्कल करतो, पण एकच चूक सगळीकडे करतो. इथे तर तावातलं प्रत्येक तिकीट वेगळं, म्हणून दोन तिकिटं प्रत्येक रेघेत तंतोतंत सारखी दिसली तर संशय घ्यावा. उठावाचं तिकीट जड पुस्तकाखाली दाबू नये आणि पाण्यात तर कधीच घालू नये. कागद भिजला की उठाव बसतो आणि मोहर जाते. शेवटी ते म्हणाले, "और मियाँ, टिकट मिल जाता है। लिफ़ाफ़ा नहीं मिलता।" पाकिटावरचं तिकीट, शिक्क्यासकट, पत्त्यासकट, हे खरं दुर्मिळ.

ते वाक्य मला लागलं, त्याचं कारण सांगतो.

मी भाच्याएवढा असताना तिकिटं जमवायचो. आजोबांचे थोरले भाऊ गिरगावात असायचे. ते वारल्यावर त्यांच्या ट्रंकेतून पत्रांची एक चळत आमच्या घरी परत आली. आजोबांनीच त्यांना गोव्याहून वर्षानुवर्षं लिहिलेली पत्रं, सगळी मुक्तीपूर्वीची. त्यांवर पोर्तुगीज तिकिटं, आल्बुकेर्कची दाढी, जहाजं. मला स्वर्गच सापडला. एका दुपारी सगळे झोपलेले असताना मी बालदीभर पाणी घेतलं, पाकिटांचे कोपरे कापले आणि पाण्यात सोडले. तिकिटं सुटी होऊन तरंगायला लागली तशी मी ती टिपकागदावर वाळवली. पाकिटं चुलीजवळच्या रद्दीत टाकली. संध्याकाळी ती जळली. आतली पत्रं आईने वेळीच उचलली म्हणून वाचली. आजोबा मला काहीच बोलले नाहीत. फक्त आल्बम उघडून बराच वेळ बघत बसले.

तो आल्बम अजून माझ्याकडे आहे. तिकिटं छान आहेत, दात एकूण एक शाबूत. काहींवर शिक्क्याचा चतकोर आहे, पण गाव कुठलं नि तारीख कुठली ते लागत नाही. पत्रं मराठीत आहेत आणि शेवटी सही 'तुझा भाऊ' एवढीच. पाकिटाच्या मागे आजोबा पाठवणाऱ्याचं नाव रोमन लिपीत लिहायचे, एवढं मला आठवतं. ते आमचं आडनाव कसं लिहायचे, पोर्तुगीज कारकुनाच्या कानाने की आपल्या स्वतःच्या, हे आज घरात कुणालाच माहीत नाही. ज्याने सांगितलं असतं ते पाकीट मी बारा वर्षांचा असताना जाळलं.

भोपाळच्या बेगमेचं नाव चुकलं, पण राहिलं. आमचं चुकलं होतं की नाही, तेही आता कळायचा मार्ग नाही.

असो. गोव्यातल्या कितीतरी जुन्या घरांत माळ्यावर अशा ट्रंका अजून असतील. गणपतीला घर रंगवायला काढलं की सगळ्यांत आधी त्याच रद्दीवाल्याकडे जातात. एकच विनंती, पाकीट फाडू नका, तिकीट सोडवू नका. ज्यावर आपलं नाव चुकीचं लिहिलंय ते तर मुळीच टाकू नका. एका कोरड्या डब्यात ठेवा आणि घरातल्या एखाद्या मुलाला दाखवा.

निघायच्या दिवशी भाच्याने आपली फाइल पुन्हा उघडली. पहिल्या कप्प्यात त्याने ते काळं तिकीट ठेवलं होतं, मोहर दबू नये म्हणून मागे जाड पुठ्ठा लावून. त्याच्या शेजारच्या कप्प्यात ते खोटं होलो कार्ड.

"हे का ठेवलंस?" मी विचारलं.

"मामा, हेसुद्धा कुणीतरी बसून बनवलंय ना," तो म्हणाला.

मला यावर काही बोलता आलं नाही. गाडी वेळेवर होती.